अर्धं पाऊल उजवीकडे

"अहो काका, एवढा मोठा फूटपाथ, आणि माझ्याच अंगावर?" ती मुलगी ओरडली तेव्हा कुठे चष्मेवाल्याला कळलं की आपण सरळ चालत नाही आहोत. दुकान उघडायला अजून वीस मिनिटं होती, म्हणून तो आरामात, फूटपाथच्या रस्त्याकडच्या कडेनं निघाला होता. निदान त्याची तशी समजूत होती. आणि आता बघतो तर त्याचा उजवा खांदा बँकेच्या भिंतीला टेकायला आलेला, आणि खांदा व भिंत यांच्यामध्ये ही मुलगी, छातीशी रोपाची कुंडी धरून, जाड पुस्तकात दाबलेल्या फुलासारखी चेपलेली. "माफ कर गं, लक्ष नव्हतं माझं," तो म्हणाला. मुलीनं सांडलेली माती बुटानं बाजूला सारली आणि म्हणाली, "डोळे तपासून घ्या एकदा." दुसरा कुठला दिवस असता तर तो खो खो हसला असता. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्याला एका शाळकरी पोरीनं दिलेला सल्ला त्यानं रात्रीच्या जेवणापर्यंत दहा जणांना तिखटमीठ लावून सांगितला असता. पण आज त्याला हसू फुटलं नाही. तो तिथंच थांबला आणि त्यानं हळूच, चोरी पकडली जाईल अशा धास्तीनं, मान वळवून डावीकडे पाहिलं. डावीकडे अख्खा फूटपाथ मोकळा. चिटपाखरू नाही. आणि तरी डाव्या दंडाला, शर्टाच्या बाहीच्या आतून, गार लागतच होतं. उघड्या राहिलेल्या दाराशेजारी बसलं की लागतं तसं.

चार दिवस हे चाललं होतं. सोमवारी सकाळी बायको म्हणाली, "पलंगाला दोन बाजू आहेत म्हटलं, तुम्ही त्या काठावर काय पहारा देताय?" तो पलंगाच्या उजव्या कडेवर, एक पाय खाली लोंबकळत, झोपला होता. मंगळवारी लिफ्टमध्ये तो एकटाच असून बटणांच्या बाजूला असा चिकटून उभा होता की तिसऱ्या मजल्यावर शिरलेल्या शेजारणीनं विचारलं, "आणखी कुणी यायचंय का?" यायचंय का! आलेलंच होतं की. तो माणूस रविवारपासून त्याच्या डाव्या हाताला उभाच होता. त्याला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी एक धातूचं टोपडं, डोळ्यांसाठी दोन भोकं, मधे नाकावर उतरलेली पट्टी, आणि आतून येणारा, डब्यात कोंडल्यासारखा श्वास. तो काही बोलत नसे, काही मागत नसे. त्यानं मागितलं असतं तर बरं झालं असतं. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. हा फक्त उभा राहायचा, उजवं अंग उघडं टाकून, चष्मेवाल्याच्या भरवशावर.

भरवशावर. हा शब्द बाईंचा. बाई कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायच्या आणि तीस वर्षं पुस्तकांशी भांडत होत्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक पायदळ खांद्याला खांदा लावून कसं लढलं, यावर ज्यांनी आयुष्यात कधी जड पिशवीसुद्धा उचलली नाही अशा माणसांनी हजार पानं लिहून ठेवली आहेत, असं त्या म्हणायच्या. "उत्तर पानात नाही, पायात आहे," हे त्यांचं पालुपद. म्हणून त्यांनी चाळीस माणसं जमवली, लाकडाच्या गोल, अडीच किलोच्या नव्हे, चांगल्या सात किलोच्या ढाली करून घेतल्या, भाल्यांच्या टोकांना रबरी गोळे लावले, आणि दर रविवारी गोदामामागच्या मैदानात वीस विरुद्ध वीस अशी ओळ उभी राहू लागली. चष्मेवाल्याला त्यांनी आणलं ते शिरस्त्राणातून किती दिसतं ते मोजायला. त्यानं मोजलं, नकाशा काढला, आणि स्वतःच अडकला. येताना बायकोच्या धाकट्या भावालाही घेऊन आला. मेहुणा रंगारी होता, उंच इमारतींच्या भिंतींवर दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून रंग मारायचा, आणि सोळा मजल्यांवरून खाली बघत शीळ घालायचा. मैदानात सगळे त्याला रंगारीच म्हणत.

पहिल्याच दिवशी बाईंनी एक ढाल चष्मेवाल्याच्या डाव्या हातात अडकवली आणि तिच्यावर खडूनं मधोमध रेघ ओढली. "ही अर्धी तुमची," त्या म्हणाल्या, "आणि ही अर्धी तुमच्या डावीकडच्याची. तुमचं उजवं अंग कुणाचं? तुमच्या उजवीकडच्याच्या ढालीचं. म्हणजे प्रत्येक जण अर्धा स्वतःच्या हातात आणि अर्धा शेजाऱ्याच्या भरवशावर. म्हणूनच म्हणे सगळी ओळ उजवीकडे सरकायची. भीती वाटली की माणूस शेजाऱ्याच्या ढालीत शिरायला बघतो. किती सरकते, कधी सरकते, हे मला हवंय." त्याच्या उजवीकडे बेकरीवाला उभा राहायचा, दारातून आडवा शिरणारा माणूस. तो म्हणायचा, "चष्मेवाले, लपायला माझ्याइतका ऐसपैस माणूस तुम्हाला अख्ख्या ओळीत मिळायचा नाही. या, भाडं लावणार नाही!" आणि डावीकडून मेहुणा, "भाऊजी, तुमची ढाल जरा माझ्या नाकापर्यंत आणा. माझं लग्न व्हायचंय अजून, थोबाड शाबूत राहिलं पाहिजे." "त्या थोबाडाला ढालीनं काय फरक पडणार," असं कुणीतरी मागून, आणि मग धातूच्या टोपड्यांमधून घुमणारं वीस माणसांचं हसू, विहिरीत हसल्यासारखं.

बाईंचा एक नियम होता आणि त्यात माफी नव्हती. टक्कर संपली की कुणी कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. पाठ फिरवायची, शिरस्त्राण काढायचं, आणि आपापल्या कागदावर लिहायचं. पाय हलला का? डावीकडे काय जाणवलं? उजवीकडे काय जाणवलं? मगच तोंड उघडायचं. "एकदा बोललात की तुम्ही एकमेकांचं आठवायला लागता," त्या म्हणायच्या. "मला प्रत्येकाचं वेगळं हवं. ताजं." चष्मेवाल्याला हा नियम फार आवडला होता. त्याचा धंदाच तो. आता दिसतंय का? की आता जास्त स्वच्छ? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला तो हे सांगायचा.

रविवारी तिसरी टक्कर होती. मैदानावर चुना फासलेला, पावलं उमटावीत म्हणून. समोरची ओळ चालत येऊ लागली आणि मग, बाईंनी खूण करताच, पळत. आता यात घाबरण्यासारखं काय होतं? समोरचे चेहरे ओळखीचे. त्यातल्या दोघांचे चष्मे त्यानंच बनवलेले. भाल्यांना रबरी गोळे. पण शिरस्त्राणाच्या आत दुसरंच काहीतरी होतं. आत कान बंद होते, आणि स्वतःचा श्वास एवढा मोठा झाला होता की तो आपला वाटेना. दोन भोकांपुरतं जग उरलं होतं आणि त्या जगात एक गोळा होता, आणि तो मोठा होत होता. त्याच क्षणी त्याच्या मनात एक विचार आला. तो विजेसारखा वगैरे आला नाही. तो सावकाश आला, पाहुण्यासारखा पायपुसण्यावर पाय पुसून आत आला. बेकरीवाल्याची ढाल मोठी आहे. अर्धं पाऊल. कुणाला कळणार नाही. आणि त्यानं उजवा पाय उचलला, ठेवला, डावा त्याच्यामागे ओढला. ढालीच्या कडेवर मेहुण्याच्या ढालीची कड टेकलेली होती, ती सुटल्याचं त्याला दंडातून जाणवलं, अगदी स्वच्छ, हातातला हात सुटावा तसं. मग धडक. मग एक आवाज. सुकी फांदी मोडल्यासारखा, असं सगळे नंतर म्हणाले. त्याला तो तसा वाटला नव्हता. त्याला तो एखाद्यानं "अं?" म्हणून विचारल्यासारखा वाटला.

मेहुण्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, उजवीकडचं. माणसं धावली, चुना पायाखाली कालवला गेला, कुणी पाणी आणलं, कुणी गाडी काढली. आणि त्या धांदलीतही, केवढी ही वेडी माणसं, मेहुणा दात आवळून म्हणाला, "आधी कागद द्या." डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारख्या वाकड्या अक्षरांत त्यानं लिहिलं, "माझी ढाल पडली असावी. मला कळलं नाही." आठ पावलांवर, पाठ फिरवून, चष्मेवाला स्वतःचा कागद मांडीवर घेऊन बसला होता. पाय हलला का? नाही. डावीकडे काय जाणवलं? काही नाही. पेन्सिल नीट टोक काढलेली होती. अक्षर सुरेख आलं.

फूटपाथवर ती मुलगी ओरडली त्याच दिवशी, गुरुवारी, दुपारी बाई दुकानात आल्या. काचेच्या कपाटांतून शेकडो रिकामे चष्मे त्यांच्याकडे बघत होते. "नकाशाची एक प्रत हवी होती," खुर्चीत टेकत त्या म्हणाल्या. "शनिवारी अहवाल द्यायचाय. काय मौज आहे बघा, चुन्यावर ओळीची दोन्ही टोकं चांगली हातभर सरकलेली, आणि कागदावर एकाचाही पाय हललेला नाही! खोटं बोलत नाहीत हो बिचारे. पायाला तोंड नसतं, एवढंच." चष्मेवाला कापडानं एक भिंग पुसत होता. ते आधीच स्वच्छ होतं. "पण मग ते हाड?" त्यानं विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला डब्यातून आल्यासारखा वाटला. "तेच तर. सगळे मिळून सरकले तर फट पडत नाही. फट पडायला एकट्याचं काहीतरी व्हावं लागतं. एकतर डावीकडच्यानं ढाल पाडली आणि टेकलेल्या कडा सुटल्या, नाहीतर उजवीकडचा एकटाच निसटला. मधली पावलं तुडवली गेली, म्हणजे उरले कागद. तुमच्या कागदावर तुम्ही जागेवर आहात. आणि भिंगात पाव नंबर इकडेतिकडे झाला तर तुम्हाला झोप लागत नाही, तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? त्यानं तर स्वतःच लिहून दिलंय." बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. त्या दमलेल्या दिसत होत्या. "काल फोन आला होता त्याचा. ओळीतून मला काढा म्हणाला. ते ठीक, पण आणखी एक म्हणाला. हाड जुळलं तरी फळीवर चढणार नाही म्हणे. ज्याला स्वतःचा हात खाली गेलेला कळत नाही त्यानं सोळाव्या मजल्यावर दोर धरायचा? फळीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस असतो ना, म्हणाला. त्याचा काय दोष?" त्या उठल्या. "समजवा हो त्याला. तुमचं ऐकतो तो."

तुमचं ऐकतो तो. बाई गेल्या आणि दाराची घंटी बराच वेळ हलत राहिली. एक म्हातारे गृहस्थ येऊन खुर्चीत बसले होते. "डावा डोळा झाका," चष्मेवाला म्हणाला. "आता वाचा." म्हातारे वाचू लागले, आणि तो ऐकेनासा झाला. कारण आता तो सात वर्षांचा होता आणि अक्का बारा वर्षांची, आणि दोघं शाळेतून घरी येत होती. अक्का नेहमी रस्त्याच्या बाजूनं चालायची आणि त्याला कुंपणाच्या बाजूला ठेवायची. का, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. पाणी वरून खाली का येतं हे कोण विचारतं? कोपऱ्यावरच्या घराचं फाटक उघडं होतं आणि आतून तो पिवळा कुत्रा आला. कुत्रा कुंपणाच्या बाजूनं आला, म्हणजे त्याच्या बाजूनं. आणि सात वर्षांचा तो, दप्तरासकट, अक्काच्या पाठीमागे गेला. गेला म्हणजे कसा, तिला कमरेला धरून, तिला फिरवून, तिला पुढे करून. अक्काच्या पोटरीतून रक्त आलं तेव्हा ते मोज्याच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत आधी सरळ रेषेत उतरलं आणि मग पसरलं. घरी आईनं विचारलं, कसं झालं? त्यानं तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मीच खोडी काढली त्याची." इतकं सहज, जणू आजचा गृहपाठ काय ते सांगितलं. तिला इंजेक्शनं घ्यावी लागली. महिनाभर तिला खेळायला बंदी झाली, कुत्र्याची खोडी काढली म्हणून. पुढे चाळीस वर्षं ते वाक्य घरात खरं म्हणून राहिलं. अजूनही सगळे जमले की कुणीतरी म्हणतंच, अक्का लहानपणी भारी खोडकर, कुत्र्याच्या शेपटीला हात घालायची. अक्का हसते. तो हसतो. तिनं त्याला वाचवलं असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आज, अंधाऱ्या खोलीत, भिंतीवरच्या उजळ अक्षरांसमोर उभं राहून त्याला पहिल्यांदाच वाटलं, वाचवलं कुठे? तिनं मला तिथंच ठेवलं. तिच्या पाठीमागे. मी अजून तिथंच आहे.

"पुढची ओळ वाचू का?" म्हातारे विचारत होते. "दोनदा वाचून झाली ही." "वाचा ना," चष्मेवाला म्हणाला. "खरं सांगा, कुठलं अक्षर दिसत नाही ते. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका." हे वाक्य त्यानं सव्वीस वर्षांत हजारो वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडलं आणि खोलीत तसंच उभं राहिलं. त्यानं म्हाताऱ्यांचा नंबर दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा बरोबर काढला, आणि संध्याकाळी दुकान तासभर लवकर बंद केलं.

बायको भावाकडेच होती. मेहुण्याची एकच खोली, पण काय खोली! चारी भिंती चार रंगांच्या, उरलेल्या रंगांनी रंगवलेल्या. मेहुणा म्हणायचा, श्रीमंतांच्या भिंतींची शिल्लक आहे ही. तो खिडकीत बसला होता, उजवा हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. शीळ नव्हती. चष्मेवाला चप्पल काढून आत आला आणि उभाच राहिला. "बसा की," बायको म्हणाली, "पाहुण्यासारखे काय?" तो बसला नाही. तो म्हणाला, "तुझी ढाल पडली नव्हती. मी सरकलो. बेकरीवाल्याच्या आड गेलो. कळून गेलो."

एवढं बोलायला त्याला चार दिवस लागले होते आणि संपायला एक घोटभर वेळ. आता काहीतरी कोसळेल म्हणून तो वाट बघत राहिला. मेहुण्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. इतकं मऊ, इतकं कृतज्ञ हसू. "भाऊजी," मेहुणा म्हणाला, "बाईंनी पाठवलं ना तुम्हाला? का ताईनं पढवलं?" "मी कशाला पढवू?" बायको म्हणाली, पण तिचेही डोळे भरले होते, आणि ती नवऱ्याकडे अशी बघत होती, जसं तिनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही कधी बघितलं नसेल. "अरे, मी खरं सांगतोय." "हो हो. आणि मी सोळाव्या मजल्यावरचा पक्षी. नका ना माझ्यासाठी खोटं बोलू, भाऊजी. तुम्हाला जमत नाही ते. कान बघा कसे लाल झालेत! तुम्ही आणि पळणार? बायकोला न विचारता तुम्ही कुशीसुद्धा बदलत नाही." बायको डोळे पुसता पुसता हसली. चष्मेवाला बघत राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा तयार होत होतं. एक घरगुती गोष्ट. भाऊजींनी मेहुण्यासाठी दोष स्वतःवर घेतला. वीस वर्षांनी सगळे जमतील आणि कुणीतरी म्हणेल, आठवतं का? आणि तो हसेल. आणि मेहुणा तोवर कुठल्यातरी तळमजल्यावर, जमिनीला पाय टेकवून, कुणाच्यातरी कुंपणाला रंग मारत असेल, स्वतःचा डावा हात अधूनमधून चोरून तपासत.

"ऊठ," तो म्हणाला. "अहो, त्याला कशाला उठवताय?" "ऊठ म्हणतो ना. इथं ये. माझ्या डाव्या हाताला उभा राहा." त्याच्या आवाजात काहीतरी होतं, मेहुणा उठला. चष्मेवाल्यानं पाण्याच्या पिंपाचं मोठं गोल झाकण उचललं, मुठीतून डावा हात घातला आणि छातीसमोर धरलं, त्याची डावी कड मेहुण्याच्या गळ्यातल्या पट्टीवर येईल असं. कोपऱ्यात लांब दांड्याचा, छताला रंग मारायचा रोलर होता. "तो घे," तो बायकोला म्हणाला. "दाराशी जा. आणि ये आमच्यावर. दोघांच्या मधे." "वेड लागलंय का तुम्हाला?" "ये म्हणतो ना!" "जा ताई," मेहुणा अजून हसतच म्हणाला, "करू दे त्यांचं समाधान." ती दाराशी गेली. खोली लहान, पाचच पावलांचं अंतर. तिनं रोलर भाल्यासारखा पुढे धरला, संकोचली, आणि मग लहानपणी अंगणात भावाच्या मागे धावत असेल तशी धावली.

दुसऱ्या पावलाला चष्मेवाल्यानं उजवा पाय उचलला, ठेवला, डावा त्याच्यामागे ओढला. बरोबर तेवढंच. झाकणाची कड मेहुण्याच्या छातीवरून निघाली. बायको हातभर अंतरावर थबकली. रोलर मोकळ्या जागेत, मेहुण्याच्या गळ्यासमोर, हवेत थांबला.

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण त्याच्या मागे आता माणूस नव्हता. घर सोडून गेलेल्यांच्या दारावर राहिलेल्या पाटीसारखं ते राहिलं होतं. त्याचं शरीर आधी ओळखून गेलं. मोडलेला खांदा आपोआप आत वळला, मान आखडली, डावा हात, ढाल नसलेला, छातीपर्यंत वर आला आणि तिथंच राहिला, जसा रविवारीही राहिला असणार. त्यानं त्या हाताकडे पाहिलं. "वरच होता हा," तो म्हणाला, कुणालाच नाही. "कड सुटली, गार लागलं इथं, आणि मग लागलं. गार आधी लागलं." मग त्यानं चष्मेवाल्याकडे बघितलं. "तुम्हाला कळलं होतं?" "हो." "सुटलेलं कळलं होतं?" "हो. दंडाला." बायकोनं रोलर भिंतीला टेकवला, फार जपून, जणू तो काचेचा होता. "तुम्ही त्याच्यासमोर बसून मला म्हणालात," ती म्हणाली, "वेंधळाच आहे म्हणून. दवाखान्यात. तो ऐकत होता." त्याला हे आठवत नव्हतं. पण ते खरं असणार. असं वाक्य माणूस घाईत बोलतो, आणि घाई त्यालाच होती.

मेहुण्यानं डावा हात पुढे केला. मारायला, असं चष्मेवाल्याला क्षणभर वाटलं, आणि केवढं बरं वाटलं. पण मेहुण्यानं फक्त झाकण काढून घेतलं, स्वतःच्या डाव्या, धड हातात अडकवलं, आणि त्याच्यासमोरून फिरून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. "ताई, पुन्हा ये," तो म्हणाला. "जोरात." "अरे, तुझं हाड." "ये म्हटलं ना."

ती दाराशी गेली. या वेळी ती लहानपणच्या अंगणातून धावली नाही. तिचे ओठ आवळलेले होते आणि तिची नजर सरळ नवऱ्याच्या गळ्यावर होती. चष्मेवाल्याचे दोन्ही हात रिकामे होते. उजवीकडे, अगदी डोळ्याच्या कोपऱ्यात, झाकणाची निळी कड दिसत होती, आणि त्याच्या आयुष्यात त्या घटकेला दुसरं काही नव्हतं. ती कड हलेल. हलायला हवी. मी असतो तर. त्याला मेहुण्याचा श्वास ऐकू येत होता, दाढीचे खुंट दिसत होते, बोटांच्या नखांतला कधीचा हिरवा रंग दिसत होता. आणि त्याला कळलं की माणूस असं उभा असताना उजवीकडच्याबद्दल विचारही करत नाही. तो फक्त असतो, भिंत असते तसा. आणि त्याच्या डावीकडे रविवारी कुणीतरी असाच, विचारही न करता, उभा होता. रोलर झाकणावर आदळला. मेहुण्याच्या तोंडून एक आवाज निघाला, दाबलेला, खांद्यापासून कमरेपर्यंत तो हादरला. पाय जिथे होते तिथेच होते.

"असं," मेहुणा म्हणाला. त्याला धाप लागली होती. कपाळावर घामाचे थेंब आले होते. "एवढंच करायचं होतं, भाऊजी. एवढंच असतं ते."

चष्मेवाल्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. "नको," मेहुणा म्हणाला. "मला नका सांगू आता. बाईंना लावा फोन. माझ्यासमोर. आणि पहिल्या टकरीपासून सांगा सगळं."

त्यानं फोन काढला. नंबर लागला, पलीकडे घंटी वाजू लागली, एकदा, दोनदा. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. पलीकडून बाई म्हणाल्या, "बोला, चष्मेवाले," आणि त्यानं बोलायला सुरुवात केली. त्याच्या उजव्या बाजूला मेहुणा तसाच उभा होता. त्याचा हात भरून आला असणार, दुखतही असणार. पण झाकण त्यानं अजून खाली घेतलं नव्हतं.